शिष्यवृत्ती ही भीक नाही : धारवाडच्या अर्जापासून महाडीबीटीपर्यंत

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की दोन गोष्टी हमखास घडतात. पहिली म्हणजे टोमणा : "यांचं काय, सगळं फुकट!" दुसरी आपल्याच वस्तीत घडते. चांगले गुण मिळवलेला एखादा मुलगा किंवा मुलगी ऑगस्ट उजाडला तरी घरीच असते. कारण विचारा. दाखला निघाला नाही, तारीख निघून गेली, प्रवेशाच्या दिवशी भरायला पैसे नव्हते. पहिल्या गोष्टीचा आपल्याला राग येतो आणि तो यायलाच हवा. पण दुसऱ्या गोष्टीचा तितका राग आपल्याला का येत नाही?

दोन्ही गोष्टींचं उत्तर एकाच इतिहासात आहे. शिष्यवृत्ती आपल्याला कुणी दिलेली नाही. ती अर्ज करून, हिशेब मांडून, सरकारला प्रश्न विचारून मिळवलेली आहे. हा इतिहास ज्याला माहीत आहे तो टोमण्याने खजील होत नाही आणि तारीखही चुकवत नाही.

सुरुवात एका अर्जाने

१८५६ चा जून महिना. धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने मुंबई सरकारकडे लेखी अर्ज केला. शाळा सरकारची, पैसा जनतेच्या कराचा, तरी प्रवेश नाकारला गेला. सरकारचा युक्तिवाद असा की एका मुलाला घेतलं तर बाकीचे शाळा सोडतील. म्हणजे न्याय कळत होता, पण सवर्णांची नाराजी नको होती. पुढे बाबासाहेबांनी हे प्रकरण आपल्या लिखाणात नोंदवलं. त्या मुलाला शाळा मिळाली नाही, पण त्याच्या अर्जामुळे सरकारला आपला अन्याय कागदावर लिहून द्यावा लागला. अर्जाची ताकद ही असते.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. शेतकऱ्याच्या घामातून गोळा होणारा सारा उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा हिशेब त्यांनी सरकारपुढे मांडला. ज्या वर्गांत शिक्षण पोचलेलंच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखून ठेवा, अशी मागणीही त्याच निवेदनात आहे. तेव्हा "फुकट" कोण शिकत होतं, हे टोमणे मारणाऱ्यांनी त्या निवेदनात वाचावं.

त्यानंतर कोल्हापूर. शाहू महाराजांनी १९०२ साली पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, हे आपण भाषणांत सांगतो. पण त्याच्या आधीपासून त्यांनी वसतिगृहं उभारायला घेतली होती, आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं, हे क्वचित सांगतो. फी माफ झाली म्हणून गावचा मुलगा शहरात शिकत नाही. त्याला झोपायला जागा आणि दोन वेळचं जेवण लागतं. आजही आपली बहुतेक मुलं फीपेक्षा खोलीभाडं आणि मेसच्या पैशांपुढे हरतात.

बाबासाहेबांनी शिक्षणाचा खर्च कसा भागवला?

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपल्याला तोंडपाठ आहे. प्रत्येक पदवीमागचा पैसा कुठून आला, हे मात्र आपण मुलांना सांगत नाही.

१९०७ साली ते मॅट्रिक झाले. पुढच्या शिक्षणाची घरची ऐपत नव्हती. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी सयाजीराव गायकवाडांपर्यंत त्यांची गोष्ट पोचवली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. त्यावर एल्फिन्स्टन कॉलेजात बी.ए. झालं. १९१३ साली बडोदा संस्थानाने त्यांना तीन वर्षांसाठी अमेरिकेला पाठवलं, महिना साडेअकरा पौंडांवर. हे दान नव्हतं, तो करार होता. परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, अशी अट होती.

कोलंबिया विद्यापीठात त्यांनी काय केलं? एका पदवीपुरता अभ्यास करून ते थांबले नाहीत. अर्थशास्त्र मुख्य ठेवून इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र असे वर्गामागून वर्ग घेतले, कारण मिळालेल्या तीन वर्षांची किंमत त्यांना ठाऊक होती. १९१६ साली लंडनला जाताना त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांनी तिथल्या प्राध्यापकांना त्यांच्यासाठी शिफारसपत्र लिहिलं. आज परदेशी अर्जासाठी शिफारसपत्रं लागतात म्हणून आपली मुलं गांगरतात. शिक्षकाशी ओळख वर्गात मेहनतीने होते आणि वेळ आल्यावर तीच पत्रात उतरते.

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. इथे एक गोष्ट नीट पाहा. निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेऊन ठेवली. शिक्षण तुटत होतं, पण दार त्यांनी कागदोपत्री उघडं ठेवलं. पुढे बडोद्यात नोकरीवर असताना राहायला जागा मिळू नये इतका छळ झाला. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात १९१८ ते १९२० प्राध्यापकी केली. पगार ४५० रुपये. त्यातून बचत केली, शाहू महाराजांची मदत मिळाली, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली डी.एस्सी. पूर्ण झाली.

शिष्यवृत्ती, करार, नोकरी, बचत, मदत आणि सर्वांत शेवटी कर्ज, असा हा क्रम आहे. आज आपल्याकडे तो उलटा झाला आहे. आधी सावकाराचं किंवा बचत गटाचं कर्ज काढून मिळेल त्या कॉलेजात प्रवेश घ्यायचा आणि मग शिष्यवृत्तीची चौकशी करायची.

एकट्याची शिष्यवृत्ती समाजाचा हक्क झाली

एका महाराजाच्या मर्जीवर एक भीमराव शिकला. पण समाज मर्जीवर शिकत नसतो, हे बाबासाहेबांना पक्कं कळलं होतं. १९२८ साली सायमन आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी मुंबई इलाख्यातल्या शिक्षणाचे आकडे मांडले. कॉलेजच्या रकान्यात आपल्या समाजासमोर जवळपास शून्य होतं.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन त्यांनी व्हाइसरॉयला दिलं. त्यातला एक मुद्दा आजच्या विद्यार्थ्याने भिंतीवर लावावा असा आहे. नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी समाजाचं भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं उच्च शिक्षण हवं आणि ते आपल्या आवाक्याबाहेरचं आहे, म्हणून त्याचा खर्च सरकारने उचलावा. लक्षात घ्या, कोणतं शिक्षण हवं हे आधी ठरलं आणि पैसा त्यासाठी मागितला. जिथे पैसा मिळतो ते शिका, असं बाबासाहेब म्हणाले नाहीत.

त्या लढ्यातून वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद झाली आणि १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज तुम्ही महाडीबीटीवर जो "भारत सरकार शिष्यवृत्ती"चा अर्ज भरता, त्याचं मूळ हे आहे. स्वातंत्र्याच्याही आधीची ही योजना आहे. कुणी "फुकट" म्हणालं तर त्याला हे साल सांगा.

पाठोपाठ १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय. सिद्धार्थमध्ये सकाळचे वर्ग ठेवले, कारण आपला विद्यार्थी दिवसा नोकरी करणारा होता. मिलिंदसाठी मराठवाडा निवडला, कारण निजामाच्या राजवटीत तिथे उच्च शिक्षणाची फारशी सोय नव्हती. विद्यार्थ्याची परिस्थिती आधी पाहिली आणि कॉलेज तिला साजेसं काढलं.

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवलं. धर्म बदलला म्हणून जातीचे चटके थांबले नव्हते, सवलती मात्र थांबल्या. महाराष्ट्राने राज्यापुरत्या नवबौद्धांना सवलती दिल्या. केंद्राचं दार उघडायला १९९० चा कायदा यावा लागला. दीक्षेपासून चौतीस वर्षं! तुमच्या दाखल्यावरच्या "नवबौद्ध" या एका शब्दामागे आई-वडिलांच्या पिढीचे मोर्चे आहेत.

आजची दारं, आजचे खिळे

आता दार उघडपणे बंद केलं जात नाही. ते तारखेने, कागदाने आणि संकेतस्थळाने बंद होतं. २०२४ साली उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका मजुराच्या मुलाला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. भरायचे होते १७,५०० रुपये. गावातून ते गोळा होईपर्यंत वेळ संपली आणि जागा गेली. सर्वोच्च न्यायालयाने विशेषाधिकार वापरून ती परत मिळवून दिली. पण सर्वोच्च न्यायालयापर्यंत किती जण पोचतात?

आणि हैदराबाद विद्यापीठातला रोहित वेमुला. जानेवारी २०१६ मध्ये तो गेला तेव्हा त्याची सात महिन्यांची फेलोशिप थकलेली होती. थकलेली शिष्यवृत्ती हा कारकुनी उशीर नसतो, त्यात माणूस संपतो.

२०२२ साली केंद्राच्या परदेशी शिष्यवृत्तीतून भारतीय संस्कृती, इतिहास आणि समाज या विषयांवरचा अभ्यास वगळला गेला. १९१६ साली कोलंबियात बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला होता. या नियमाखाली त्यांनाच पैसे मिळाले नसते! आपण काय शिकायचं हे दुसऱ्याने ठरवणं, हा नव्या रूपातला जुनाच मनुस्मृतीचा कायदा आहे. त्याविरुद्ध लढलंच पाहिजे.

पण मित्रांनो, जे हक्क आज हातात आहेत ते सोडून देऊन लढाई होत नाही. म्हणून काही गोष्टी रोखठोक.

कागद अकरावीतच काढा. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, गावचा जुना उतारा आत्ताच शोधा. जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, ते निकालानंतर सुरू करण्याचं काम नव्हे. उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खाते तयार ठेवा.

कॉलेज निवडताना आधी विचारा : हा प्रवेश शिष्यवृत्तीला पात्र आहे का? व्यावसायिक अभ्यासक्रमात केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून, घेतलेल्या जागेला शिष्यवृत्ती मिळते. व्यवस्थापन कोट्यातल्या जागेला मिळत नाही. एजंट हे सांगणार नाही. "सीट पक्की करतो" म्हणणाऱ्याला दिलेले पैसे परत येत नाहीत.

पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकार शिष्यवृत्ती. त्याहून जास्त असेल तर निराश होऊ नका, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची फ्रीशिप आहे. सरकारी वसतिगृहाचा अर्ज भराच. तिथे नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे, तिच्यातून जेवण आणि निवासासाठी पैसे खात्यावर येतात. परदेशासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. कर्ज या सगळ्यानंतर, तेही बँकेचं, सावकाराचं नाही.

आणखी दोन. अर्ज एकदा भरून संपत नाही, नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. आणि शिष्यवृत्तीत केंद्राच्या वाट्याची रक्कम थेट तुमच्या खात्यावर येते. त्यातली फी ही कॉलेजची रक्कम आहे, ती लगेच भरा आणि पावती जपा. ती घरखर्चात गेली की शेवटच्या वर्षी गुणपत्रिका अडकते. शिष्यवृत्तीपात्र विद्यार्थ्याकडे प्रवेशालाच पूर्ण फी मागणाऱ्या कॉलेजला तोंडी विनवणी करू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि प्रत समाजकल्याण कार्यालयात द्या. धारवाडच्या मुलाने हेच केलं होतं.

कार्यकर्त्यांनाही एक सांगणं आहे. एप्रिलमध्ये जयंतीची वर्गणी गोळा करणारी आपली मंडळं जूनमध्ये कुठे असतात? प्रत्येक बुद्धविहारात मे ते ऑगस्ट एक टेबल, एक लॅपटॉप आणि नियम माहीत असलेली दोन मुलं बसली, तर तारीख चुकून एकही जागा जाणार नाही. प्रवेशाच्या दिवशी कमी पडणाऱ्या रकमेसाठी वर्गणीतला थोडा वाटा बाजूला ठेवला, तर कुणाला सर्वोच्च न्यायालयात जावं लागणार नाही. भीमरावला एक भथेना भेटला होता. वस्तीतल्या प्रत्येक मुलाचा भथेना आपल्याला व्हायचं आहे.

आणि ज्याची शिष्यवृत्ती घेऊन शिक्षण पुरं झालं आहे, त्याने बडोद्याचा करार आठवावा. आपला करार कुठे लिहिलेला नाही. तो पाळायचा मात्र आहे, समाजाशी.

जय भीम!