घटनेत विहीर आणि घाट कशाला?

“एवढे बारीकसारीक कायदे हवेत कशाला?” हा प्रश्न आजकाल मोठ्या शहाणपणाने विचारला जातो. राज्यघटनेत विहिरी, तलाव, स्नानाचे घाट? 1955 च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्यात दागिने घालण्याचा उल्लेख? अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात तर सायकल आणि वरातीतला घोडासुद्धा! समता लिहिली की त्यात सगळे आले, असे आपलेच काही शिकलेले मित्रही म्हणतात.

मित्रांनो, नुसती समता लिहून काय होते ते महाडला दिसले. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सी. के. बोले यांचा ठराव 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला. 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. कागदावर. तळ्यावर जाण्याची सोय नव्हतीच. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारोंसह तिथे गेले, पाणी प्यायले. मग मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि त्याच वर्षी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

पुढचा भाग आपण भाषणांत फारसा सांगत नाही. 12 डिसेंबर 1927 ला सवर्णांनी बाबासाहेबांवर दिवाणी दावा लावला. त्यांचे म्हणणे दोन प्रकारचे. एक, हे तळे सार्वजनिक नाही, चौधऱ्यांचे खासगी आहे. दोन, अस्पृश्यांनी तिथे पाणी न भरण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे. मुंबई हायकोर्टाने 17 मार्च 1937 ला निकाल दिला की, अशी अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. घोटभर पाण्यासाठी सव्वानऊ वर्षे कोर्टकचेरी! आणि वहिवाट जुनीच आहे हे त्यांनी सिद्ध केले असते तर?

आता घटना उघडून बघा. अनुच्छेद 15(2) मध्ये विहीर, तलाव, घाट, रस्ते आहेत. आणि ते पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशाने राखलेले असोत, की लोकांच्या वापरासाठी दिलेले असोत, असेही म्हटले आहे. ‘खासगी आहे’ म्हणून हात झटकण्याची वाट त्यामुळे अरुंद झाली. अनुच्छेद 13 मध्ये ‘कायदा’ या शब्दात रूढी आणि वहिवाटही धरली आहे. मूलभूत हक्काच्या आड आलेली वहिवाट किती जुनी, हे मोजत बसायची गरजच उरली नाही. महाडचा दावा लढलेला माणूस मसुदा समितीचा अध्यक्ष होता, हे विसरू नका.

1955 च्या कायद्याचे कलम 12 ही असेच. अनुसूचित जातीच्या व्यक्तीबाबत त्या कायद्यातले कृत्य घडले, तर ते अस्पृश्यतेच्या कारणानेच घडले असे कोर्टाने धरून चालायचे. तसे नव्हते, हे आरोपीने सिद्ध करायचे. कायद्याच्या पुस्तकात हे विचित्र वाटेल. पण “जातीमुळे नाही हो, जागा नव्हती म्हणून” हे उत्तर ज्याने हॉटेलच्या दारात ऐकले आहे, त्याला वाटणार नाही.

निरुपयोगी कायदे नसतात असे माझे म्हणणे नाही. 10 रुपयांहून जास्त किमतीचे गुप्तधन सापडल्यास कलेक्टरला कळवा, असे 1878 चा कायदा सांगतो; तो खुशाल बदला. पण चप्पल, नवे कपडे, मोटारसायकल, वरातीतला घोडा हे शब्द 2015 च्या दुरुस्तीने अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात आले, कारण गावोगाव नेमके त्यावरूनच मार बसत होता.

म्हणून कार्यकर्त्यांनो, फिर्याद लिहून देताना “जातीवरून अपमान केला” एवढ्यावर थांबू नका. घोड्यावरून उतरवले की पायातली चप्पल काढायला लावली, कुठे, कोणासमोर, ते लिहा. पोटकलम त्यावरून लागते.