हळूचे हल्लू: बिदर-कलबुर्गीकडे आलेल्यांची आणि तिथून गेलेल्यांची बोली

वाचकहो, बिदरात, हैदराबादेत किंवा कलबुर्गीच्या दर्ग्याभोवतीच्या गल्ल्यांत तुम्ही कधी चहा प्यायला असाल, तर दुसरा कप पुढे करणाऱ्याला गिऱ्हाईक काय म्हणते हे तुम्ही ऐकलेच असेल. ‘नक्को.’ हा शब्द दिल्लीच्या उर्दूत नाही आणि लखनौच्याही नाही. तो आपला ‘नको’ आहे, मधल्या ‘क’वर जोर देऊन म्हटलेला. सहाशे-सातशे वर्षांपूर्वी उत्तरेकडून इथे राहायला आलेल्या माणसांनी तो शेजाऱ्यांकडून उचलला आणि परत काही केला नाही.

परमुलखात गेलेला माणूस तिथली बोली कशी उचलतो, तिच्यातले नेमके काय उचलतो, आणि काय त्याच्या जिभेवर बसतच नाही, हा या व्याख्यानाचा विषय. उदाहरणासाठी लांब जायला नको. बिदर आणि कलबुर्गी हे दोन सीमाजिल्हे पुरे आहेत. इथे बाहेरून माणसे आली, आणि आता इथून माणसे बाहेर जात आहेत. मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली: माणसे जागची हलली नाहीत, सीमाच हलली.

1327च्या सुमारास मुहम्मद बिन तुघलकाने आपली राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादेला आणली. त्या काफिल्यात नुसते सरदार नव्हते. सूफी होते, शिपाई होते, कारकून-कारागीर होते आणि त्यांची बायकामुलेही होती. पुढे सुलतानाचे मन पालटले, राजधानी परत गेली; आलेली सगळी माणसे मात्र परत गेली नाहीत. 1347 मध्ये दक्षिणेतल्या अमीरांनी बंड करून बहामनी राज्य उभे केले आणि गुलबर्गा ही त्याची राजधानी झाली. पंधराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच अहमदशहा बहामनीने ती बिदरला नेली. हा क्रम ध्यानात ठेवा. दिल्लीच्या आसपासची बोली आधी मराठी मुलखात एक पिढीभर मुरली, आणि मग कानडी मुलखाच्या उंबऱ्यावर येऊन बसली. ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज यांचा प्रवास याच वाटेचा. त्यांचा जन्म दिल्लीचा, बालपणाची काही वर्षे दौलताबादेत गेली, वडिलांची कबर खुलताबादेत आहे. तैमूरच्या स्वारीच्या वेळी, 1398 मध्ये, त्यांनी दिल्ली सोडली आणि उतारवयात ते गुलबर्ग्याला आले. 1422 मध्ये तिथेच वारले. ज्या वयात मूल शेजारच्या पोरांची बोली नकळत उचलते, त्या वयात हे मूल मराठी मुलखात होते. त्या कानांवर काय काय पडले असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

या बोलीला पुढे दख्खनी हे नाव पडले. फख्रुद्दीन निजामी याची ‘कदमराव पदमराव’ ही मसनवी, म्हणजे दीर्घ कथाकाव्य, बहामनींच्या बिदरच्या काळातली. दख्खनीतले हाती लागलेले सर्वांत जुने मोठे काव्य म्हणून ती ओळखली जाते. नावेच पाहा: एक कदमराव, दुसरा पदमराव. तिच्यात फारसीची भरती कमी आणि देशी शब्दांची रेलचेल आहे. नंतरच्या उर्दूची सवय झालेल्या वाचकाला ती अवघड जाते.

आता दख्खनीने मराठीकडून घेतले काय? यादी मोठी करता येईल, पण माझे लक्ष चार शब्दांवरच खिळते. ‘नक्को’ झाला. दुसरा ‘कायकू’, म्हणजे कशाला. त्यातला ‘काय’ आपला आणि ‘कू’ त्यांचा. तिसरा ‘च’. ‘मैंच आया’, ‘ऐसाइच होता’ यांतला हा ‘च’ हिंदीतल्या ‘ही’चे काम करतो, आणि तो सरळ ‘मीच’, ‘असाच’ यांतून आला आहे. चौथा ‘हल्लू’. यांत वस्तूचे नाव एकही नाही. नकार आहे, प्रश्न आहे, शब्दावर जोर देण्याची रीत आहे, आणि पोराला किंवा बैलाला आवरण्याचा एक उद्गार आहे.

याच्या उलट बाजू पाहा. राज्यकर्त्यांच्या फारसीतून मराठीत आलेले शब्द कोणते? जमीन, वसूल, बाकी, अर्ज, फिर्याद, वकील, हजर, तालुका. माधव जूलियन यांनी 1925 मध्ये फार्शी-मराठी कोश प्रसिद्ध केला. तो चाळला की कचेरी, फौज, बाजार, पोशाख आणि मुदपाकखाना यांचे शब्द ओळीने भेटतात. बहुतेक सगळी नामे. म्हणजे दरबारातून खाली आले ते नाम, आणि गल्लीतून वर गेला तो ‘च’. वसुलीचा शब्द शिकायला सुभेदाराच्या शेजारी राहावे लागत नाही. वर्षातून एकदा पाटलामार्फत पावती आली की तो कळतो, आणि चांगलाच कळतो! ‘च’चे तसे नाही. तो रोजच्या बोलण्यातूनच अंगवळणी पडतो: भांडणात, घासाघिशीत, विहिरीवर, अंगणात. म्हणून माझा तर्क असा की, दख्खनी घडवली ती तवारिखांत ज्यांची नावे नाहीत त्या बायकांनी, दायांनी, पोरासोरांनी आणि बाजारकऱ्यांनी. दरबाराने तिला नंतर मान दिला. या तर्काला एक आधार आपल्या डोळ्यांदेखतचा आहे. मुंबईत उत्तरेकडून येऊन राहिलेल्या हिंदी भाषकांच्या तोंडीही हाच ‘च’ बसला. सुलतान नाही, मसनवी नाही, तरी ‘वोइच’ आणि ‘ऐसाइच’.

आणि ‘हल्लू’मध्ये एक गंमत आहे. शब्द आला, पण ‘ळ’ आला नाही. दिल्लीकडून आलेल्या जिभेला तो जमेना. तिने त्या जागी दुहेरी ‘ल’ ठेवला. उलट त्यांचा घशातला ‘क़’ही दक्षिणेत टिकला नाही. त्याचा ‘ख़’ झाला, आणि ‘क़ाज़ी’ला ‘ख़ाज़ी’ म्हणणारा दख्खनी माणूस उत्तरेत चेष्टेचा विषय झाला तो आजतागायत. पाहुण्याने यजमानाचे शब्द घेतले, त्याचा एक वर्ण सोडला, आणि स्वतःचा एक वर्ण गमावला. हेल म्हणतात तो याच देवघेवीत तयार होतो.

यात राजकारण नव्हते असे समजू नका. बिदरच्या दरबारात दोन तट होते. दख्खनी म्हणजे इथे पिढ्या काढलेले, आणि आफाकी म्हणजे इराण-तुराणातून ताजे आलेले. आफाकींची फारसी शुद्ध होती आणि त्यांना तिचा अभिमानही होता. त्यांतला सर्वांत कर्तबगार वजीर महमूद गावान. त्याने 1472 मध्ये बांधलेला मदरसा बिदरात अजून उभा आहे. 1481 मध्ये विरोधकांनी त्याच्या शिक्क्याचे बनावट पत्र सुलतानापुढे ठेवले आणि त्याचा शिरच्छेद झाला. भाषेमुळे तो मारला गेला असे मी म्हणत नाही. सत्ता आणि जहागिरी ही खरी कारणे. पण ज्या तटाने त्याला संपवले त्याचे नाव मुलखावरून पडले होते, आणि त्या तटाची बोलीही याच नावाने ओळखली गेली. कोण आपला आणि कोण उपरा, हे हेलावरून ओळखण्याची खोड जुनी आहे.

इथवर वाचून मराठी वाचकाची छाती थोडी फुगली असेल. तेव्हा दुसरी बाजूही सांगतो. या दोन जिल्ह्यांत मराठी नेहमीच यजमान नव्हती, ती पाहुणीही होती. आजचे बसवकल्याण हे चालुक्यांचे कल्याण. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या 1129च्या सुमाराच्या संस्कृत ग्रंथात मराठीच्या अगदी जुन्या ओळींपैकी काही सापडतात. कानडी राजाच्या दरबारात, संस्कृत ग्रंथात, संगीताच्या प्रकरणात मराठी! भीमा-अमरजेच्या संगमावरचे गाणगापूर तर कलबुर्गी जिल्ह्यातच आहे. तिथल्या नृसिंहसरस्वतींचे चरित्र सांगणारे सरस्वती गंगाधर यांनी ‘गुरुचरित्रा’त, आपल्याला मराठी नीट येत नाही, असे म्हटले आहे, घरची भाषा कानडी. त्यांच्या ग्रंथात कानडी पदेही आहेत. सदाशिव पेठेतल्या सप्ताहात ही पदे मोठ्या भक्तीने वाचली जातात. वाचणाऱ्याला अर्थ कळत नसतो, आणि उच्चार ऐकून गाणगापूरच्या पुजाऱ्याला हसू आवरत नसेल. मराठी घरात अक्का, अण्णा, आप्पा आहेत, तूप आहे, पानाच्या तबकात अडकित्ता आहे. ही सगळी कानडीशी असलेली सोयरीक. शं. बा. जोशी यांनी हा संबंध आयुष्यभर मांडला आणि त्याबद्दल दोन्हीकडची बोलणी खाल्ली.

शब्दांहून खोल जाते ती वाक्याची घडण. दख्खनी माणूस म्हणतो, ‘आता हूं बोलके गया’, म्हणजे ‘येतो म्हणून गेला’. हे ‘बोलके’ उत्तरेच्या हिंदीत असे वापरत नाहीत. मराठीचा ‘म्हणून’, कानडीचा ‘अंत’, तेलुगूचा ‘अनि’ ज्या जागी येतात, तिथेच ते बसते. शब्द आपापले, जागा सगळ्यांची एक. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावाचा अभ्यास करून जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी 1971 मध्ये हेच दाखवले. त्या गावच्या मराठी, कानडी आणि उर्दूची वाक्यरचना इतकी एक झाली होती की, शब्दाच्या जागी शब्द ठेवला की भाषांतर तयार. मग शब्द तरी वेगळे का राहिले? घर, जात आणि धर्म ओळखू यावेत म्हणून, असे त्यांचे उत्तर. बिदरच्या बसस्थानकावर अर्धा तास उभे राहिलात तर कुपवाडला जाण्याची गरज पडणार नाही. तिथला ‘हौ’ ऐकून मराठी माणसाला आपला ‘हो’ आठवतो आणि कानडी माणसाला आपला ‘हौदु’, आणि दोघांनाही ती आपलीच चीज वाटते.

1 नोव्हेंबर 1956 रोजी हैदराबाद राज्य तीन वाटांनी गेले. बिदर जिल्ह्यातून उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मराठवाड्याबरोबर मुंबई राज्यात आले. बिदर, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण आणि औराद म्हैसूर राज्यात राहिले. नारायणखेड, जहिराबाद आंध्रात गेले. सीमावादाची कागदपत्रे मी इथे उघडत नाही, त्याला वेगळे व्याख्यान लागेल. बोलीपुरते एवढेच सांगतो: उदगीरची बहीण आणि भालकीचा भाऊ एकच मराठी बोलत होते, आणि त्या दिवसापासून दोघांची मुले वेगळ्या क्रमिक पुस्तकांतून शिकू लागली. 1910 मध्ये निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी उर्दू, फारसी आणि मराठीत सारख्याच सहजतेने वावरले, गोंडीचे व्याकरणही लिहून गेले. निजामी राज्याच्या या कोपऱ्यात तीन-चार भाषा येणे ही विद्वत्ता नव्हती, रोजचा व्यवहार होता. पगडींनी त्यातून विद्वत्ता उभी केली.

आता बाहेर जाणाऱ्यांविषयी. औराद-भालकीकडची मुले शिकायला आणि पोटासाठी पुण्याला, मुंबईला, हैदराबादला जातात. घरी ती ‘काय करायलास?’, ‘मी जायलो’ असे बोलतात. ‘करायला लागलास’चे हे आवळलेले रूप लातूर-नांदेडपासून इकडे सर्वत्र चालते. पुण्याच्या वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारतो, ‘तू कानडी का रे?’ मुलगा हसतो, आणि दिवाळीला घरी येईपर्यंत ‘करतोयस’ शिकलेला असतो. माझ्या ओळखीच्या अनेक घरांत हे घडताना मी पाहिले आहे, आणि दरवेळी एक गोष्ट खटकते. गावाकडच्या शाळेत याच मुलाच्या मराठीला परराज्याची भाषा म्हणतात. मराठीच्या राजधानीत तिला परभाषेचा डाग म्हणतात. दिल्लीवाल्याने ‘नको’ घेतला तेव्हा त्याची लाज कुणी काढली नव्हती. तो नवी भाषा घेत होता. या मुलाला आपलीच भाषा टाकून आपलीच भाषा घ्यावी लागते, आणि ती घेताना आजीशी बोलण्याची रीत हातची जाते.

सगळे मात्र टाकत नाहीत. अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर विल्यम लबोव्ह यांनी 1963 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, बेटावरच राहायचे ठरवलेल्यांच्या तोंडी बेटाचा स्वर जास्त ठळक होता. बेट सोडू पाहणाऱ्यांच्या तोंडी तो पुसट. आपल्याकडेही शहरात काही वर्षे काढून शेतीकडे परतलेला तरुण बापापेक्षा जास्त जोरात ‘काय करायलास बे’ म्हणताना ऐकू येतो. त्याला ‘करतोयस’ येत नाही असे नाही. बँकेत, कचेरीत तो तेच वापरतो.

बिदरच्या जुन्या पेठेतले दुकानदारही असेच. मराठी गिऱ्हाइकाशी बोलताना दख्खनी दुकानदार ‘हळू’ म्हणतो, ‘ळ’सकट स्वच्छ, कुणालाही ओळखू येणार नाही असा. आणि पोते उतरवणाऱ्या भावाकडे वळून म्हणतो, ‘हल्लू, हल्लू.’