बारा जागा, सात जिल्हे

मागच्या शुक्रवारी क्लायंटबरोबरचा कॉल संपता संपता पलीकडचा एक जण सुस्कारा टाकून म्हणाला, "आमची लीगच संपली." गडी ओरेगनचा. मला आधी वाटलं क्रिकेटसारखं काहीतरी असेल. मग त्याने वीस मिनिटं घेऊन सगळं समजावलं. (ही वीस मिनिटं टाइमशीटमध्ये कुठल्या कोडखाली टाकायची, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.)

प्रकरण असं आहे. अमेरिकेत कॉलेजांचे खेळ म्हणजे आपल्याकडच्या आयपीएलइतका मोठा कारभार. कॉलेजं आपापसात गट करून खेळतात, त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या कॉलेजांचा असाच एक गट १९१५ पासून वेगवेगळ्या नावांनी चालत आला होता. २०२२ मध्ये 'बिग टेन' नावाच्या दुसऱ्या गटाने टीव्हीशी सात वर्षांचा करार केला, रक्कम सात अब्ज डॉलरच्या वर असल्याचं छापून आलं. मग काय, एकेक कॉलेज उठून चालू लागलं. २०२४ मध्ये लॉस एंजेलिसची कॉलेजं बिग टेनमध्ये गेली. स्टॅनफर्ड तर चक्क 'अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स'मध्ये गेलं. पॅसिफिकच्या काठावर बसून अटलांटिकच्या गटात! मागे राहिली दोनच कॉलेजं, ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. आमचा क्लायंट त्या दोनांपैकी एकाचा.

फोन ठेवला आणि मला आमचे मोठे काका आठवले.

काका लातूरचे, कबड्डीवाले. ऐंशीच्या दशकात लातूरच्या एका कॉलेजकडून खेळायचे. तेव्हा आपलं विद्यापीठ म्हणजे औरंगाबादचं मराठवाडा विद्यापीठ. आधी झोनचे सामने, मग इंटरझोनल, त्यातून निवडलेल्या पोरांचा कॅम्प, आणि कॅम्पमधून बारा जणांचा विद्यापीठ संघ. त्या संघात नाव आलं की 'कलर' मिळायचा. कलरचा कोट घालून गावात फिरणाऱ्याला तेव्हा काय मान होता, ते आजच्या पोरांना सांगून कळणार नाही. काका कॅम्पपर्यंत पोचले होते. रात्रभर एसटीत बसून औरंगाबादला गेले, आठवडाभर राहिले, आणि परत आले. अजूनही विषय निघाला की एवढंच म्हणतात, "मी तेरावा होतो रे. बारा जणं घेतले."

आता आपण इंजिनियर लोक. तेरावा का राहिला हे भावनेने नाही, आकड्याने बघू. १९८२ साली १५ ऑगस्टला उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला. त्यानंतर विद्यापीठाखाली सात जिल्हे होते: औरंगाबाद, जालना, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद, लातूर. सात जिल्हे, बारा जागा. म्हणजे जिल्ह्याला दोन जागासुद्धा पुरत नाहीत.

मग १९९४ उजाडलं. १४ जानेवारीला विद्यापीठाचा नामविस्तार झाला, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. नांदेड, लातूर आणि परभणी हे जिल्हे त्याच्याकडे गेले (१९९९ मध्ये परभणीतून हिंगोली निघाल्यावर ते चार झाले). औरंगाबाद, जालना, बीड, उस्मानाबाद तिकडेच राहिले. खेळाच्या भाषेत सांगायचं तर एका रात्रीत बाराच्या चोवीस जागा झाल्या. आमच्या धंद्यात एक डेटाबेस फोडून दोन करतात, तसंच. दोन्ही विद्यापीठं पश्चिम विभागातच. म्हणजे कालपर्यंत एका संघात खेळायला धडपडणारी पोरं उद्या महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, गोव्याच्या विद्यापीठांच्या गर्दीत एकमेकांसमोर उभी राहू शकत होती.

हा काही पहिला पालट नव्हता. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचं उदाहरण घ्या. १९५० साली स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने ते सुरू झालं, तेव्हा नांदेड हैदराबाद राज्यात होतं आणि कॉलेज उस्मानिया विद्यापीठाला जोडलेलं. म्हणजे नांदेडच्या पोराचं क्रीडाविश्व हैदराबाद. आणि ते हैदराबाद कसलं? जिथल्या सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वर्षं रोव्हर्स कप जिंकला, जिथल्या रहीम साहेबांनी १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताच्या फुटबॉल संघाला चौथ्या क्रमांकावर नेलं, ते. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, २३ ऑगस्ट १९५८ ला पंडित नेहरूंच्या हस्ते औरंगाबादच्या विद्यापीठाचं उद्घाटन झालं, आणि उस्मानिया मागे पडलं. उस्मानिया आज दक्षिण विभागात खेळतं, नांदेड पश्चिम विभागात. एकच कॉलेज, आणि चव्वेचाळीस वर्षांत तीन विद्यापीठं. जागचं न हलता तीन लीग बदलणारं कॉलेज अमेरिकेतही सहज सापडायचं नाही!

फरक एवढाच की अमेरिकेत कॉलेजं स्वतः ठरवतात, कुणाबरोबर खेळायचं, आणि पैसा ओढतो तिकडे जातात. आपल्याकडे कॉलेजला कुणी विचारत नाही. रेघ मंत्रालयात मारली जाते आणि खेळाडू रेघेच्या ज्या बाजूला राहतो, ती त्याची बाजू.

आणि रेघा एकमेकींशी जुळतीलच असं नाही. शालेय स्पर्धांत लातूर, नांदेड आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) तिन्ही एकाच 'लातूर विभागा'त. मी शाळेत खो-खो खेळायचो, आणि विभागीय स्पर्धेत आम्हाला नेहमी धाराशिवकडची पोरं धुवायची. तिकडच्या खो-खोबद्दल मी वेगळं काय सांगू, तिथल्या सारिका काळेला २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या पोरांपैकी उमरग्याचा एक जण माझा चांगला दोस्त झाला. बारावी झाली, मी लातूरच्या कॉलेजात, तो उमरग्याच्या. मी नांदेड विद्यापीठाचा, तो औरंगाबादचा. लातूरपासून उमरगा दोन तासही नाही, पण त्याला कॅम्पसाठी परत तीच काकांची रात्रभराची एसटी. आमची मात्र सोय झाली होती, नांदेड तीन-साडेतीन तासांवर.

गंमत म्हणजे, ज्या स्वामीजींचं नाव नांदेडच्या विद्यापीठाला दिलं, त्यांनी शिक्षक म्हणून आयुष्य घालवलं ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि अंबाजोगाईला. हिप्परगा धाराशिव जिल्ह्यात, अंबाजोगाई बीड जिल्ह्यात. दोन्ही गावं त्यांच्या नावाच्या विद्यापीठाबाहेर! अंबाजोगाईचा माणूस खरेदीला, दवाखान्याला लातूरला येतो, पण कॉलेजचा संघ संभाजीनगरला जातो.

इथवर झाला इतिहास. आता पुढचं, म्हणजे अंदाज. शनिवार आहे, अंदाज करायला पैसे लागत नाहीत.

अंदाज पहिला: लातूरचं स्वतंत्र विद्यापीठ. ही मागणी अधूनमधून उठत असते, आणि महाराष्ट्राचा कल बघितला तर ती अशक्य वाटत नाही. नागपूरमधून १९८३ मध्ये अमरावती निघालं, पुण्यातून १९९० मध्ये जळगाव, औरंगाबादेतून १९९४ मध्ये नांदेड, कोल्हापुरातून २००४ मध्ये सोलापूर, नागपुरातून परत २०११ मध्ये गडचिरोलीचं गोंडवाना. सोलापूर तर एकाच जिल्ह्याचं विद्यापीठ. विद्यापीठं फुटतात, परत जोडली जात नाहीत. लातूरबरोबर धाराशिव आलं तर आठ जिल्ह्यांची वाटणी तीन-तीन-दोन अशी होईल, आणि कबड्डीच्या छत्तीस जागा.

पण इथे लातूर-नांदेडची जुनी खुन्नस मध्ये येते. दोन जिल्ह्यांनी मिळून राज्याला चार मुख्यमंत्री दिले: शंकरराव चव्हाण आणि अशोक चव्हाण नांदेडचे, शिवाजीराव पाटील निलंगेकर आणि विलासराव देशमुख लातूरचे. त्यामुळे कुठलंही कार्यालय कुठे न्यायचं म्हटलं की दोन्ही गावं बाह्या सरसावतात. २००९ मध्ये विभागीय आयुक्तालय नांदेडला करायचा निर्णय झाला तेव्हा लातूरकर रस्त्यावर उतरले होते. विद्यापीठ फोडायचा विषय निघाला तर तो फक्त कबड्डीचा विषय राहणार नाही, एवढं नक्की.

अंदाज दुसरा, आणि मला हा जास्त खरा वाटतो: विद्यापीठाला 'जोडलेलं' कॉलेज ही भानगडच संपेल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायची. लातूरच्या राजर्षी शाहूसारखी कॉलेजं स्वायत्त झालेलीच आहेत. उद्या अशी कॉलेजं स्वतःच पदवी देऊ लागली, तर विद्यापीठाचा संघ म्हणजे कुणाचा संघ? लातूरचं मोठं कॉलेज स्वतःचा संघ घेऊन पश्चिम विभागात उतरेल. मग अहमदपूरच्या, किनवटच्या, देगलूरच्या छोट्या कॉलेजातल्या चांगल्या रेडरचं काय? आज तो झोनमधून वर येऊन विद्यापीठाच्या बारांत बसू शकतो. उद्या त्याच्या कॉलेजकडे बारा धड खेळाडूच नसतील, तर तो तेरावासुद्धा होणार नाही. कॅम्पच नसेल!

आणि हा प्रश्न नुसत्या कोटाचा नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. तिथवर पोचायची शिडी झोनच्या मातीतून सुरू होते. पहिली पायरी काढली तर वरच्या पायऱ्या कितीही भक्कम असोत, चढणार कोण?

तेव्हा आपल्या कॉलेजांना अमेरिकेसारखा स्वतःचाच गट बांधावा लागेल, पण उलट्या कारणासाठी. त्यांनी श्रीमंत कॉलेजांनी एकत्र यावं म्हणून गट बांधले. आपल्याला छोट्या कॉलेजांना एकत्र ठेवण्यासाठी बांधावा लागेल. लातूर, नांदेड, धाराशिव, अंबाजोगाई, परभणी, हिंगोली. जिल्ह्याची रेघ बघायची नाही, एसटीचा वेळ बघायचा. संध्याकाळी सामना खेळून पोरगं रात्री घरी जेवायला पोचलं पाहिजे, एवढा एकच नियम.

हे सगळं मी रविवारी फोनवर काकांना सांगितलं. आकडे, नकाशा, छत्तीस जागा, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मी विचारलं, "काका, विद्यापीठ दहा वर्षं आधी फुटलं असतं तर तुम्हाला कलर मिळाला असता ना?"

थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "मिळाला असता. पण सात जिल्ह्यांत तेरावा होतो, हे मग कसं कळलं असतं?"

यावर माझ्याकडे उत्तर नाही. ओरेगनवाल्याला मात्र सोमवारी सांगणार आहे. त्याला कळेल असं वाटतं.