दाखल आणि खारीज

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, अंताल्याहून पूर्वेस सिदे या प्राचीन नगरीकडे जाताना, समुद्राच्या कडेने एकाला लागून एक अशी जी प्रचंड हॉटेले उभी आहेत, त्यांपैकी एकात गेल्या वर्षी आम्ही सहकुटुंब सहा दिवस मुक्काम केला. सहकुटुंब म्हणजे मी, पत्नी, दहा वर्षांची कन्या आणि आयुष्यात प्रथमच परदेशी निघालेली, बहात्तर वर्षांची माझी आई. आमची पारपत्रे पाहून होताच टेबलापलीकडच्या तरुणाने प्रत्येकाच्या मनगटाला निळ्या प्लॅस्टिकची एक पट्टी बांधली. आईची पाळी आली तेव्हा तिच्या हातातल्या पाटल्या आणि काचेच्या बांगड्या त्याने अलगद वर सारल्या, पट्टीचे टोक खाचेत ओवून पक्के दाबले, आणि बांगड्या पुन्हा खाली सोडल्या. “आणि हे काढायचं कसं रे?” आईने मला विचारले. मी त्याला विचारले. त्याने दोन बोटांची कात्री करून दाखवली आणि म्हणाला, शेवटच्या दिवशी. त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर पितळी अक्षरांत तीन शब्द होते : ‘हेर शेय दाहिल’.

मला तुर्की येत नाही. परंतु ज्याने पेशवे दफ्तरातील चार कागद वाचले आहेत, त्याला हे शब्द परके वाटण्याचे कारण नाही. ‘हेर’ म्हणजे हरसाल, हररोज, हरएक यांतला आपला ‘हर’. ‘शेय’ म्हणजे वस्तू. आणि ‘दाहिल’ म्हणजे ज्या अरबी शब्दापासून आपले ‘दाखल’ आणि ‘दाखला’ हे शब्द निघाले, तोच शब्द. हर वस्तू दाखल! आमचे प्रवासी व्यवस्थापक ज्याला इंग्रजीत ‘ऑल इन्क्लुझिव्ह’ म्हणतात आणि जाहिरातीत ‘सर्वसमावेशक’ असा राजकीय ठरावात शोभणारा जडजंबाल शब्द ज्यासाठी योजतात, त्या गोष्टीला तेथील सामान्य माणूस आपल्या कुलकर्ण्याने वापरला असता तोच शब्द वापरतो. पुढच्या सहा दिवसांत तर मला हा छंदच लागला. पोहण्याचा तलाव म्हणजे ‘हावुझ’, तो आपला हौद. ताट ते ‘ताबाक’, म्हणजे तबक. हिशेब तो ‘हेसाप’. पाहुणा तो ‘मिसाफिर’, आपला मुसाफिर. चाकरी ती ‘हिझमेत’, आपली खिजमत. आणि बक्षीस ते ‘बाहशिश’. एकाच घरातून निघालेले हे शब्द, एक फाटा इस्तंबूलला गेला, दुसरा दौलताबाद-विजापुरावरून पुण्यास आला, आणि कित्येक शतकांनी त्यांची गाठ मनगटावर पट्ट्या बांधलेल्या लोकांच्या गर्दीत पडली.

शब्दाची ही कुळी झाली. वस्तूची कुळी निराळी आहे आणि ती तुर्की नव्हे. एकदाच ठराविक रक्कम मोजून राहणे-जेवणे पत्करावे ही कल्पना तशी जुनी. आपल्याकडे अशा व्यवहाराला ‘उक्ते’ हा नेमका शब्द आहे, आणि महिन्याचे पैसे आगाऊ भरून खानावळीत जेवलेल्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने तो अनुभवलेलाही आहे. अमेरिकेत बोस्टन येथे १८२९ साली उघडलेल्या ट्रेमाँट हाउसमध्ये दिवसाला दोन डॉलर आकार होता आणि त्यातच चार वेळचे खाणे येत असे. या पद्धतीला पुढे ‘अमेरिकन प्लॅन’ आणि केवळ खोलीचे भाडे घेण्याच्या पद्धतीला ‘युरोपियन प्लॅन’ ही नावे पडली. महाबळेश्वरची खोली ठरवताना दलाल आपल्याला ‘ए.पी. की ई.पी.?’ असे जे विचारतो, त्या आद्याक्षरांचा उगम तेथे आहे. युरोपातील घरगुती वसतिगृहांत हाच व्यवहार ‘पेन्शन’ या नावाने चाले. तुर्की हॉटेलांच्या दरपत्रकात अद्यापि ‘ताम पान्सियोन’ आणि ‘यारिम पान्सियोन’, म्हणजे दोन्ही वेळचे जेवण आणि एक वेळचे जेवण, असे दोन रकाने असतात. मी ते वाचून दाखवताच शिक्षण खात्यातून निवृत्त झालेली माझी आई म्हणाली, “अर्धी पेन्शन नको बाई, पूर्णच घे.” विनोद तिचा असला तरी व्युत्पत्ती चुकीची नव्हती; दोन्ही शब्दांचे मूळ ‘देणे चुकते करणे’ या अर्थाच्या एकाच लॅटिन शब्दात आहे.

तथापि भोजनासह निवास ही एक गोष्ट, आणि ‘हर वस्तू दाखल’ ही दुसरी. मधली पायरी इंग्लंडात बांधली गेली. बिली बटलिन नावाच्या जत्रेतल्या खेळांच्या मालकाने असे पाहिले होते की, समुद्रकाठी सुट्टीसाठी आलेल्या गरीब कुटुंबांना भाड्याच्या घराची मालकीण न्याहारीनंतर बाहेर काढते, आणि ती माणसे, पाऊस असला तरी, संध्याकाळपर्यंत भिजत हिंडतात. १९३६ च्या ईस्टरमध्ये त्याने स्केगनेस येथे छावणी उघडली : आठवड्याला हंगामानुसार पस्तीस शिलिंगांपासून तीन पौंडांपर्यंत आकार, आणि त्यात खोली, तीन वेळचे जेवण व करमणूक. आठवड्याच्या मजुरीत आठवड्याची सुट्टी, असा त्याचा डांगोरा होता. त्याच वर्षीच्या जूनमध्ये फ्रान्समध्ये लेओं ब्लुम यांच्या सरकारने कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळवून दिली, आणि समुद्र ज्यांनी केवळ चित्रात पाहिला होता अशी माणसे त्या उन्हाळ्यात सायकलींवरून किनाऱ्याकडे लोटली. रजा होती, समुद्र होता. राहण्याची तजवीज मात्र कोणाजवळ नव्हती.

ती ज्याने केली तो माणूस विलक्षण होता. जेरार ब्लिट्झ हा अँटवर्पच्या हिरेव्यापारी ज्यू घराण्यातला बेल्जियन, आणि वॉटर पोलोचा खेळाडू. त्याच्या वडिलांनी त्याच खेळात ऑलिम्पिक पदके मिळवलेली. युद्ध संपल्यावर बेल्जियम सरकारने त्याच्याकडे एक काम सोपवले : नाझी छळछावण्यांतून जिवंत सुटलेल्या माणसांची प्रकृती सुधारावी म्हणून आल्प्स पर्वतात एक विश्रामस्थान चालवायचे. अस्थिपंजर होऊन आलेली ती माणसे डोंगर, ऊन, व्यायाम आणि एकत्र जेवण यांच्या संगतीत हळूहळू हसू लागतात, हे त्याने तेथे डोळ्यांनी पाहिले. युद्धाने थकलेल्या उरलेल्या युरोपालाही हेच औषध का लागू पडू नये, असा विचार त्याच्या मनात आला, आणि २७ एप्रिल १९५० रोजी पॅरिसमध्ये त्याने ‘क्लब मेडिटेरानी’ या संस्थेची नोंदणी केली. ती कंपनी नव्हती. नफा न करणारी संस्था होती.

पहिला मुक्काम त्याच उन्हाळ्यात मायोर्का बेटावर आल्कुदिया येथे पडला. हॉटेल नव्हतेच. युद्धातून उरलेले लष्करी तंबू, खाटा, उघड्यावर मांडलेली लांबलचक टेबले, आणि समुद्र; एवढाच सरंजाम. हे तंबू ज्या पेढीने पुरवले त्या पेढीच्या घराण्यातला जिल्बेर त्रिगानो हा पुढे १९५४ साली ब्लिट्झला येऊन मिळाला. तो युद्धकाळात प्रतिकार चळवळीत होता आणि कम्युनिस्ट वृत्तपत्रांत त्याने काम केले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण तेथील रिवाज हे हॉटेलचे रिवाज नव्हते, एखाद्या आश्रमाचे होते : सर्वांनी एकमेकांस अरे-तुरे करावे, आडनावे सांगू नयेत, धंदा विचारू नये, टेबलाला आठजण बसतील तेथे मिळेल त्या जागी बसावे, आणि वाढणारे व खेळ शिकवणारे यांनीही पाहुण्यांच्याच पंगतीला जेवावे. नोकराला ‘सज्जन व्यवस्थापक’ आणि पाहुण्याला ‘सज्जन सभासद’ म्हणत. ब्लिट्झची पत्नी क्लोदीन ही पूर्वी ताहितीत राहिलेली. तिच्यामुळे कमरेला गुंडाळायचा रंगीत पारेओ आणि गळ्यात घालायची फुलांची माळ ही दोन्ही भूमध्य समुद्रावर आली.

आणि येथेच आमच्या मनगटावरच्या पट्टीची पणजी जन्मली. पोहण्याच्या कपड्यांत पाकीट ठेवायचे कोठे, ही साधी अडचण होती. तिच्यावर तोडगा असा निघाला की पैसे आल्याबरोबर कोठीत जमा करावेत आणि गळ्यात किंवा पायात मण्यांची माळ घालावी. जेवण तर दाखलच होते. मद्य किंवा सरबत हवे असेल तर माळेतला मणी तोडून द्यावा. यामागे केवळ सोय नव्हती. पाकीट दिसले की माणूस दिसेनासा होतो, अशी त्या मंडळींची श्रद्धा होती, आणि बँकेचा अधिकारी आणि टंकलेखिका एकाच माळेने ओळखली जावीत अशी त्यांची मनीषा होती. ती काही वर्षे खरीही झाली असावी. पण छावण्या वाढल्या, कर्जे वाढली, आणि १९६१ साली एदमों द रोथशिल्द या धनकोच्या भांडवलाने संस्थेला तारले; दोन वर्षांनी त्रिगानो प्रमुख झाला आणि तंबूंच्या जागी भिंती आल्या. ब्लिट्झ मात्र योगाकडे वळला. मद्रासचे कृष्णमाचार्य आणि त्यांचे पुत्र देशिकाचार यांच्या परंपरेत त्याने शिक्षण घेतले, आणि युरोपीय योगसंघाचा तो अध्यक्ष झाला. हर वस्तू दाखल करण्याचा कारखाना काढणाऱ्या माणसाने अखेर अपरिग्रह सांगणाऱ्या शास्त्राचा आश्रय करावा, याचे मला नवल वाटत नाही. सर्व काही समोर ठेवले म्हणजे काय होते ते त्याच्याइतके जवळून कोणी पाहिले होते?

मणीही दाखल करण्याचे काम जमेकात झाले, आणि त्याचे कारण समता नव्हे, भय होते. १९७६ साली त्या बेटावर राजकीय हिंसाचारामुळे आणीबाणी जाहीर झाली. प्रवासी कुंपणाबाहेर पाऊल टाकण्यास कचरू लागले. मग बाहेर मिळणारे सर्वच कुंपणाच्या आत आणावे हे ओघाने आले. जॉन ईसा यांनी १९७८ मध्ये केवळ जोडप्यांसाठी असे हॉटेल काढले, आणि वातानुकूलन यंत्रांचे व्यापारी बुच स्टुअर्ट यांनी १९८१ मध्ये माँटेगो बे येथे ‘सँडल्स’ सुरू केले. मद्य, बक्षिसी, नौकाविहार, सारेच एका आकड्यात कोंबले गेले, आणि खुली छावणी किल्ला झाली.

तुर्कस्तानात हा किल्ला सरकारी जमिनीवर उभा आहे. १९८२ च्या पर्यटन कायद्यान्वये किनाऱ्याची सरकारी जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने हॉटेलवाल्यांस देण्यात आली, जर्मन व पुढे रशियन प्रवासी कंपन्यांनी हजारो खोल्या आगाऊ उचलल्या, आणि या कंपन्यांना सोपा जावा असा दर म्हणजे एकच आकडा. हॉटेलवाल्याचे गणितही सरळ असते. पैसा हंगामाआधी हाती येतो; प्रत्येक पेल्यामागे पावती करणारा कारकून लागत नाही; खरेदी घाऊक होते; आणि जो चार माणसांचे जेवतो त्याची भरपाई माझ्या आईसारखी माणसे करतात.

कारण आईला त्या भोजनगृहात जेवणच जाईना. पावांचे डोंगर, ऑलिव्हचे बारा प्रकार, पांढरे चीज, कलिंगडे, मध गळणारी पोळी. तबक घेऊन ती उभी राहायची आणि दोन काकड्या व पाव घेऊन परतायची. तिला शाकाहाराची अडचण नव्हती. “किंमत कळल्याशिवाय घास कसा उचलावा?” असा तिचा प्रश्न होता. चहाच्या कमरेशी निमुळत्या काचपात्रामागे ती दर वेळी विचारी, “याचे किती?” आणि मी दर वेळी सांगे, “दाखल आहे.” चौथ्या दिवशी ती म्हणाली, “दाखल म्हणजे फुकट नव्हे ना? मग कोणी दिले ते तरी सांग.” तिच्या या प्रश्नातच या पद्धतीचा सारा इतिहास आहे असे मला वाटते. ब्लिट्झला पैसा नाहीसा करायचा होता. त्याच्या वारसांनी तो केवळ दिसेनासा केला. नाहीशा झालेल्या पैशाने माणसे एका पंगतीला आली. दिसेनाशा झालेल्या पैशाने प्रत्येकजण आपापले तबक वाजवीपेक्षा अधिक भरू लागला, आणि संध्याकाळी ती तबके अर्धी टाकलेली परत गेली. सिदेच्या बाजारात आम्ही एका दुपारी चालत गेलो तेव्हा एका खानावळवाल्याने आमच्या मनगटाकडे पाहिले, आणि हातातली पदार्थांची यादी न दाखवताच खाली ठेवली. पट्टीवाला गिऱ्हाईक बाहेर जेवत नाही, हे त्याला ठाऊक होते. आम्ही तेथे बसून डाळीचे सार आणि भात मागवला, आणि किंमत आधी सांगितल्यामुळे आई पोटभर जेवली.

शेवटच्या सकाळी त्याच तरुणाने दोरीला बांधलेली एक छोटी कात्री काढून चार पट्ट्या कापल्या आणि त्यांच्यासोबत एक कागद पुढे केला. कन्येने रोज न्याहारीला ताज्या संत्र्याचा रस प्याला होता; यंत्रातला रस दाखल, हाताने पिळलेला नव्हे. सहा पेले. रक्कम फार नव्हती, पण तिच्या डोक्यावर जो शब्द होता तो पाहून मला हसू आले : ‘हारिच’. म्हणजे आपले खारीज. अर्थात दाखल नसलेले.

तिकडे सहकुटुंब जाणार असलेल्या वाचकास माझी एवढीच विनंती आहे की, भिंतीवरच्या पितळी अक्षरांत रमू नये. खोलीच्या टेबलावर एक दुमडलेले पत्रक असते; त्याच्या मागल्या बाजूस ‘हारिच’ अशी यादी असते. ती पहिल्या संध्याकाळीच वाचावी. आयात केलेले मद्य, कपडे धुणे आणि पिळलेला रस बहुधा तीत सापडतात.