पत्नीपणाचा पुरावा

विवाह झाला आहे हें सिद्ध करावयाचें तें कोणापुढें आणि कसें, हा प्रश्न आपल्या मागील पिढ्यांना फारसा पडला नाहीं. मुहूर्त साधला, अंतरपाट दूर झाला, सप्तपदी झाली, पंगती उठल्या, आणि सारा गांव साक्षीदार झाला. मुसलमान घरांत काझी आणि साक्षीदार यांच्यासमक्ष निकाह पढला कीं तेवढ्यानें काम भागे. ज्यांच्यामध्यें जन्म काढावयाचा तेच साक्षीदार असल्यामुळें या साक्षीला कागदाचा आधार लागत नसे. अडचण उभी राहिली ती समुद्रापलीकडे. तेथें गांव बरोबर नेतां येत नव्हता, आणि बंदरावरचा अंमलदार विचारीत होता, "ही बाई या माणसाची बायको कशावरून?" आज परदेशीं पतीजवळ किंवा पत्नीजवळ राहण्याचा परवाना मागणारीं जोडपीं दाखले, छायाचित्रें व पत्रें यांची चळत घेऊन कचेऱ्यांच्या पायऱ्या चढतात. त्या चळतीच्या इतिहासांतील एक जुना आणि कडू अध्याय दक्षिण आफ्रिकेंत घडला. आज तोच सांगावयाचा आहे.

नाताळमधील उंसाच्या मळ्यांवर हिंदी करारबंद मजुरांची पहिली तुकडी १८६० सालीं उतरली. त्यांच्या मागोमाग स्वतःचें भाडें भरून दुकानदार, कारागीर व फेरीवाले गेले. त्यांत गुजराती पुष्कळ होते. पण केपटाऊनला जे गेले त्यांत आपल्या रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांतील कोंकणी मुसलमानांची संख्याही लक्षांत येण्याजोगी होती. बहुधा पुरुष एकटाच जाई. चार पैसे गांठीं बांधून तो गांवीं येई, लग्न करी, व पुन्हा आगबोटीवर चढे. पुढें गोऱ्या वसाहतवाल्यांना हे लोक डोळ्यांत सलूं लागले. नव्या हिंदी माणसाला दार जवळजवळ बंद झालें. एक फट तेवढी उरली. तेथें कायदेशीरपणें राहणाऱ्या माणसाची पत्नी व अज्ञान मुलें यांना आंत येतां येत असे. पुढील चाळीस वर्षांचा सारा झगडा या एका फटीभोंवतीं झाला.

१४ मार्च १९१३ रोजीं केप प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयांत न्यायमूर्ति सर्ल यांनीं एका मुसलमान रहिवाशाच्या पत्नीच्या प्रकरणीं निकाल दिला. तिचा विवाह हिंदुस्थानांत मुसलमानी रीतीनें झाला होता. विवाह झालाच नाहीं असें कोणी म्हणत नव्हतें. न्यायमूर्तींचें म्हणणें निराळेंच होतें. ज्या धर्मांत पुरुषाला एकाहून अधिक बायका करण्याची मुभा आहे, त्या धर्माच्या विधीनें झालेलें लग्न केपच्या कायद्याच्या अर्थानें लग्न नव्हे. म्हणून ही स्त्री प्रवेशाच्या कायद्यांतील 'पत्नी' नव्हे. त्या पुरुषाला दुसरी बायको होती कीं नव्हती याला महत्त्व उरलें नाहीं. धर्मांत मुभा आहे, एवढेंच पुरेसें झालें. म्हणजे पुराव्याअभावीं ती स्त्री हरली नाहीं. पुरावा ज्या गोष्टीचा द्यावयाचा, ती गोष्टच न्यायालयानें नाहींशी केली.

या निकालाचा अर्थ गांधींनीं तत्काळ ओळखला. ख्रिस्ती विधीनें न झालेले व सरकारी दप्तरांत न नोंदलेले सारे विवाह एका फटकाऱ्यानें कायद्याबाहेर पडत होते. हिंदु काय, मुसलमान काय, पारशी काय, तेथील बहुतेक सर्व हिंदी घरांतील गृहिणी कायद्याच्या लेखीं रखेली ठरत होत्या, आणि त्यांचीं मुलें अनौरस. वारसाचे प्रश्न पुढें येणार होते ते वेगळेच. सरकारकडे दाद मागितली, तिचा उपयोग झाला नाहीं.

तोंपर्यंत सत्याग्रह ही पुरुषांची चळवळ होती. आतां अपमान स्त्रियांचा होता. तरीही आरंभीं गांधींनीं कस्तुरबांना विचारलें नव्हतें. नवऱ्यानें विचारल्यावर बायको हो म्हणेल, आणि मग तें 'हो' खरें किती, हा त्यांचा संकोच होता. फिनिक्स येथील इतर स्त्रियांशीं चाललेलें बोलणें कस्तुरबांच्या कानीं पडलें, आणि आपणांस कां वगळलें असें त्यांनीं होऊन विचारलें. हा वृत्तांत गांधींनींच लिहून ठेविला आहे. सप्टेंबर १९१३ मध्यें फिनिक्सहून सोळा जणांची तुकडी निघाली. तींत चार स्त्रिया होत्या. परवाना नसतांना ट्रान्सवालची सीमा ओलांडल्याबद्दल फोक्सरस्ट येथें त्यांना अटक होऊन तीन महिने सक्तमजुरीची शिक्षा झाली. ज्या बाईचें लग्न तीस वर्षांपूर्वीं पोरबंदरास साऱ्या नातलगांदेखत झालें, तिनें आपण कोणाची पत्नी आहों हें ठरविण्यासाठीं तुरुंगांत जावें, याहून चमत्कारिक साक्ष दुसरी कोणती असणार!

पुढचा भाग आपल्या वाचकांना बराच परिचित आहे, म्हणून तो थोडक्यांत सांगतों. ट्रान्सवालच्या तामिळ स्त्रियांनीं न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींत जाऊन मजुरांना संपास उठविलें. तीन पौंडांच्या अन्यायी करानें पिचलेले ते मजूर नोव्हेंबरांत हजारोंच्या संख्येनें सीमेकडे चालूं लागले. वल्लिअम्मा नांवाची कोवळी मुलगी तुरुंगांतून ताप घेऊन बाहेर आली, आणि २२ फेब्रुवारी १९१४ रोजीं वारली. इकडे पुण्याच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनीं प्रकृति ढासळलेली असतांना फंड गोळा केला. ते स्वतः १९१२ सालीं त्या देशांत हिंडून आले होते, त्यामुळें तेथील हकीकत त्यांना ऐकीव नव्हती. अँड्र्यूज आणि पीअर्सन यांना तिकडे धाडण्यांतही त्यांचाच हात होता. अखेर सरकारला चौकशीमंडळ नेमावें लागलें. त्याचे अध्यक्ष सर विल्यम सॉलोमन. मंडळानें मार्च १९१४ मध्यें अहवाल दिला, आणि त्याच वर्षीं हिंदी लोकांच्या गाऱ्हाण्यांचें निवारण करणारा कायदा झाला.

या कायद्यापाशीं मात्र थोडें थांबलें पाहिजे. कर गेला, याचा गाजावाजा झाला. विवाहाचीं कलमें कोणी फारशीं वाचीत नाहीं. त्यांतील योजना अशी होती. हिंदी धर्मांचे पुरोहित व मौलवी यांना विवाह-अधिकारी नेमतां येईल. जुनें जोडपें दोघांनीं मिळून अशा अधिकाऱ्यापुढें आलें, त्यांचा संबंध त्यांच्या धर्माप्रमाणें विवाह आहे आणि दोघांपैकीं कोणाचाही दुसरा तसा संबंध नाहीं अशी त्याची खात्री झाली, म्हणजे तो नोंद करील, व तें लग्न आरंभापासून कायदेशीर मानलें जाईल. देशाबाहेरून येणाऱ्या स्त्रीलाही 'पत्नी' हा शब्द लागूं झाला. पण एका पुरुषाची एकच, आणि तेथें त्याची दुसरी नसेल तरच. सर्ल यांनीं पुसलेला शब्द पुन्हा लिहिला गेला, हा विजय लहान नव्हे. पण आतां त्या शब्दापुढें प्रत्येक वेळीं एक कागद जोडावा लागणार होता.

तो कागद कोठून आणावयाचा? सॉलोमन मंडळानें सुचविलें होतें, कीं पतीकडे वा पित्याकडे जाणाऱ्या बायकामुलांची चौकशी हिंदुस्थानांतच मॅजिस्ट्रेटनें किंवा दुसऱ्या सरकारी अधिकाऱ्यानें करावी, आणि त्याचा दाखला हा सकृद्दर्शनीं पुरावा मानावा. १९१८ च्या साम्राज्य परिषदेनें हेंच तत्त्व साऱ्या वसाहतींकरितां मान्य केलें. तेथील हिंदी रहिवाशाला एक पत्नी व तिचीं अज्ञान मुलें आणतां येतील. मात्र तीं त्याचींच असल्याबद्दल हिंदुस्थान सरकारनें प्रत्येकाविषयीं प्रमाणपत्र दिलें पाहिजे. १९२७ च्या केपटाऊन करारानेंही हीच अट कायम ठेविली.

वरवर पाहतां ही सोय होती. परक्या बंदरावर परक्या भाषेंत जबाब देण्यापेक्षां आपल्याच जिल्ह्यांत देणें बरें, यांत शंका नाहीं. परंतु चौकशी म्हणजे काय होतें याचा विचार करा. पाटील-तलाठ्यांनीं ओळख पटवावयाची, काझीनें किंवा उपाध्यायानें लग्न लाविल्याचें सांगावयाचें, चार प्रतिष्ठितांनीं होय म्हणावयाचें. जिनें कधीं कचेरीची पायरी चढली नाहीं, तिनें परक्या पुरुषांसमोर उभें राहून आपण कोणाच्या आहों तें सांगावयाचें आणि कागदावर अंगठा उठवावयाचा. ज्या स्त्रीचें माहेर आणि सासर दोन्ही धडपणें उभीं, तिला हें जमे. पण साक्षीदार प्लेगांत गेले असतील, सासरचे विरोधांत असतील, किंवा नवऱ्याचें पत्रच येत नसेल, तर तिच्यापाशीं काय उरलें? पुरावा मागणारा कायदा सर्वांना सारखा असला तरी पुरावा मिळविण्याची शक्ति सर्वांपाशीं सारखी नसते. माझ्या मतें या प्रकरणांत इतिहासकारांनीं पाहण्याजोगी गोष्ट हीच आहे.

अंमलदारांच्या संशयालाही कारण नव्हतेंच असें नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. दार एवढें अरुंद केल्यावर पुतण्याला मुलगा म्हणून नेण्याचे प्रकार घडत, आणि ते उघडकीस येत. मग मुलाला आणि बापाला वेगवेगळें बसवून प्रश्न विचारले जात, आणि जबाबांत तफावत निघाली कीं खरा मुलगाही खोटा ठरण्याची भीति असे. घरांतलीं माणसें घराचें वर्णन शब्दशः सारखें करीत नाहींत, हें आपणांस आपल्याच घरावरून ठाऊक आहे! पाठ केलेलें उत्तर मात्र हमखास जुळतें.

आणखी एक गोष्ट घडली. पुष्कळ पुरुषांनीं पत्नीला नेण्याचा खटाटोप केलाच नाहीं. मुलगा कमावता होणार म्हणून त्याला नेला, पत्नी शेत व सासूसासरे सांभाळीत मागें राहिली. कायद्यानें तिला प्रवेशाचा हक्क दिला होता. तो बजावावयाचा कीं नाहीं हें ठरविणारा तिचा नवरा होता. १९२७ च्या कायद्यानें अज्ञान मुलांबरोबर त्यांची आई आली पाहिजे असा दंडक घातला. हेतु येणारांची संख्या आटोक्यांत ठेवण्याचा, बाईच्या सुखाचा नव्हे. पण त्याच्या योगानें कांहीं स्त्रिया केपटाऊनला पोंचल्या हेंही खरें.

१९५३ सालीं हा सारा प्रपंच थांबला. वर्णविद्वेषी सरकारनें प्रवेशाच्या कायद्यांत दुरुस्ती करून हिंदुस्थानांतून पत्नी आणण्याचा हक्कच काढून घेतला. यापुढें दाखला कितीही चोख असला तरी त्याला घेणारा खिडकीपाशीं उरला नाहीं. योगायोग असा, कीं मुंबई राज्याचा विवाह नोंदणीचा कायदाही १९५३ चाच. लग्नाचा सरकारी कागद इकडे सुलभ होऊं लागला तेव्हां तिकडे त्याचें मोल संपलें होतें.

तिकडे जमलेले कागद मात्र जळले नाहींत. केपटाऊनच्या दप्तरखान्यांत प्रवेश-खात्याच्या हजारों फायली आहेत. त्यांत अर्ज आहेत, छायाचित्रें आहेत, अंगठ्यांचे ठसे आहेत. उमा धुपेलिया-मेस्त्री या वेस्टर्न केप विद्यापीठांतील इतिहासकारांनीं त्या फायली वाचून, समुद्राच्या दोन तीरांवर विभागलेल्या या संसारांवर व मागें राहिलेल्या पत्नींवर २०१४ सालीं सविस्तर लेखन केलें. उमाबाई या मणिलाल गांधींच्या नात, म्हणजे कस्तुरबांच्या पणती.