लॅमिन-ए आणि एलएमएनए जनुक

मानवी पेशीच्या केंद्रकाला आतून आधार देणारे तंतुमय प्रथिन. त्याचे जनुक, एलएमएनए, पहिल्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर असून त्यात १२ एक्सॉन आहेत. याच जनुकापासून लॅमिन-सी हे ५७२ अमिनो आम्लांचे आखूड भावंडही तयार होते. पहिली ५६६ आम्ले दोघांत सारखीच असतात.

केंद्रकपटलाच्या आतल्या अंगाला लॅमिनांचे दाट जाळे असते. केंद्रकाचा आकार व ताठपणा ते टिकवते आणि गुणसूत्रांचे काही भाग त्याला बिलगून राहतात. स्नायू, हाडे अशा ताण सोसणाऱ्या ऊतींत लॅमिन-ए भरपूर असते, मेंदूतल्या पेशींत फारच थोडे.

हे प्रथिन एका दमात तयार होत नाही. आधी ६६४ आम्लांचे पूर्वरूप बनते. त्याच्या टोकाला फार्नेसिल हा तेलकट गट जोडला जातो. त्यामुळे ते पटलाला चिकटते. मग झेडएमपीएसटीई-२४ हे विकर शेवटची काटछाट करते आणि फार्नेसिल गटासह टोक गळून पडून ६४६ आम्लांचे पक्के प्रथिन मोकळे होते.

प्रोजेरिया या अकाली वार्धक्याच्या आजारात नेमकी हीच काटछाट अडते. या आजारात ६०८ व्या स्थानाच्या संकेतात सीच्या जागी टी येतो. जीजीसीचे जीजीटी झाले तरी दोन्हींचा अर्थ ग्लायसीनच. म्हणजे कागदावर काहीच बिघडलेले नसते. पण या एका अक्षरामुळे आरएनए भलत्याच जागी कापला जातो, १५० अक्षरे गळतात आणि प्रथिनातली ५० आम्ले नाहीशी होतात. विकराची कापण्याची जागा त्या ५० मध्येच असते. परिणामी प्रोजेरिन हे सदोष प्रथिन फार्नेसिलसह पटलाला कायमचे चिकटून राहते व केंद्रक वेडेवाकडे होते. अर्थ न बदलणाऱ्या उत्परिवर्तनाला ‘मूक’ म्हणून बाजूला सारणे किती धोक्याचे, हे याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण क्वचितच सापडेल. प्रोजेरियाच्या या कारणाचा शोध २००३ मध्ये अमेरिकेत फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या आणि फ्रान्समध्ये निकोला लेव्ही यांच्या गटाने स्वतंत्रपणे लावला.

‘पा’ (२००९) या हिंदी चित्रपटामुळे प्रोजेरिया आपल्याकडे घरोघरी माहीत झाला. या आजारातला जनुकबदल बहुधा आईवडिलांकडून आलेला नसतो, नव्यानेच घडतो. आजार झालेल्या मुलांची बुद्धी शाबूत असते. मृत्यू बहुतेकदा हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने, सरासरी चौदा-पंधराव्या वर्षी ओढवतो. फार्नेसिल जोडणी रोखणाऱ्या लोनाफार्निब या औषधाला अमेरिकेत नोव्हेंबर २०२० मध्ये मान्यता मिळाली. मूळ विचार कर्करोगासाठी झालेल्या या औषधाने आयुष्य वाढते, आजार बरा होत नाही.

हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत वीणा पारनाईक यांच्या गटाने लॅमिन व स्नायुपेशींच्या विकासावर दीर्घकाळ संशोधन केले. एलएमएनएचा स्नायूंशी असलेला संबंध १९९९ मध्येच उघड झाला होता. एमरी-ड्रायफस स्नायुदुष्पोषणाचा एक प्रकार याच जनुकातील दोषाने होतो. चरबीच्या विषम वाटपाचा एक आनुवंशिक विकारही त्यातूनच उद्भवतो.

प्रसिद्धी प्रोजेरियाला मिळाली, तरी या जनुकामुळे होणारा हृदयस्नायूंचा विकार त्याहून कितीतरी अधिक कुटुंबांत आढळतो. त्यात हृदय फुगण्याआधीच ठोक्यांची लय बिघडू शकते आणि अचानक मृत्यूचा धोका असतो. म्हणून घरातल्या एकात दोष सापडला की रक्ताच्या नातेवाइकांचीही जनुकचाचणी व ईसीजी करावा लागतो, आणि जोखीम मोठी असलेल्यांना लय सावरणारे डीफिब्रिलेटर यंत्र वेळेवर बसवले जाते.