विकासात्मक बालरोगशास्त्राचे प्रशिक्षण
मुलांमधील मेंदूच्या वाढीशी निगडित विकलांगतांचे निदान व उपचार शिकविणारे पदव्युत्तर वैद्यकीय प्रशिक्षण. अमेरिकेत या उपशाखेला १९९९ मध्ये मान्यता मिळाली. तेथील निवासी क्रम ६ वर्षांचा, त्यांपैकी २ वर्षे बालरोगशास्त्राची. भारतात ३ वर्षांच्या एम. डी. नंतर फेलोशिप अथवा बालचेताविज्ञानातील डी. एम. असा मार्ग आहे. मुंबईत २००१ मध्ये स्थापन झालेली ‘उम्मीद’ ही संस्था या क्षेत्रात उपचारांबरोबर प्रशिक्षणही देते.

प्रशिक्षणार्थी गर्भकाळ व प्रसूतीचा इतिहास घेतो. मान धरणे, बसणे, बोलू लागणे हे टप्पे तपासतो. श्रवण व दृष्टी पाहतो. मेंदूचा पक्षाघात [⟶ सेरेब्रल पाल्सी], स्वमग्नता [⟶ ऑटिझम] व अध्ययन अक्षमता हे मुख्य विषय. वाचाउपचारक, भौतिकोपचारक व मानसशास्त्रज्ञ यांच्यासह काम करणे आणि पालकांना निदान समजावणे हा शिक्षणाचा गाभा होय. बोलण्याच्या विकासाची चौकशी घरच्या भाषेतच नेमकी होते. म्हणून मध्य प्रदेशातील पांढुर्णा-सौंसर भागातील सावरगावसारख्या मराठीभाषक गावांतील मुलांसाठी मराठी जाणणारा तज्ज्ञ आवश्यक ठरतो. या भागाला नागपूर हे जवळचे मोठे वैद्यकीय केंद्र आहे. २०१३ च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांना असेच मनुष्यबळ लागते [⟶ दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६].